पुढची ॲक्सेसरी कोणती? आधी वाया गेलेले फोटो मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॅननची १५००डी बॉडी, तिच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स, दोन वर्षांचा सराव. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा गड होतो, घरी चार वर्षांची मुलगी आहे आणि दरवर्षी दीड दिवसाचा गणपती असतो. बारा हजार रुपये बाजूला काढलेत. ट्रेकमधला मित्र ट्रायपॉड घ्यायला सांगतो, मावसभाऊ ५० एमएमची लेन्स. ठाण्यातल्या दुकानदाराने फ्लॅश, तीन फिल्टरचा संच आणि बॅग असं सगळं मिळून बरोबर बारा हजारांत बसवून दिलंय. यातलं आधी काय घ्यावं?

मी साताऱ्यात गेली २८ वर्षं हेच काम करतो. लग्नाच्या ऑर्डरी हा पोटापाण्याचा भाग, आणि पावसाळा सरता सरता हौशी मंडळींना घेऊन कासला जाणं हा आवडीचा. हा प्रश्न दर हंगामात कुणीतरी विचारतंच. पण विचारणारा ‘काय घेऊ’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला सलत असतं ते वेगळंच: माझे फोटो मनासारखे येत नाहीत, आणि का येत नाहीत ते कळत नाही. तुम्हीही शेवटी सहज लिहून गेलात की ‘घरातले फोटो पुसट येतात आणि गडावरचे फिके’. तुमचा खरा प्रश्न त्या वाक्यात आहे. पुसट आणि फिकं ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ द्या. गेल्या सहा महिन्यांतले असे २००-३०० फोटो काढा, जे कुणाला दाखवावेसे वाटले नाहीत. डिलीट केले असतील तर महिनाभर काहीही डिलीट करू नका आणि मग बसा. मोबाईलवर नको, कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून बघा आणि प्रत्येक फोटो का फसला ते वहीत एका शब्दात लिहा. सोबत फोटोच्या माहितीत दिसणारा शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं) आणि लेन्स किती एमएमवर होती (आकडा मोठा तितकं दृश्य जवळ आणि अरुंद) तेही टिपा.

इथे नीट बघायला शिकावं लागतं, कारण ‘पुसट’ तीन तऱ्हांचं असतं. सगळा फोटो एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसत असेल, भिंतीवरचं घड्याळही आणि मुलगीही, तर तुमचा हात हलला. घड्याळ स्वच्छ आणि मुलीचा हात किंवा चेहरा ओघळलेला असेल तर मुलगी हलली. मुलीचा डोळा मऊ पण कान किंवा मागची उशी धारदार असेल तर कुणीच हललं नाही, फोकस चुकला. हात हलण्यावर ट्रायपॉड किंवा लेन्समधलं, हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझर उपयोगी पडतं. मुलगी हलण्यावर दोन्ही निरुपयोगी. कॅमेरा खडकासारखा स्थिर ठेवला तरी मूल धावायचं थांबत नाही, तिथे शटर जलद हवं आणि त्यासाठी उजेड हवा. फोकस चुकण्यावर मात्र बाजारात काही मिळत नाही, ते सरावानेच सुधारतं. पंधराशे-डीला नऊ फोकस पॉइंट आहेत आणि त्यातला फक्त मधला क्रॉस-टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा आहे. कमी उजेडात तो एकटा निवडून डोळ्यावर धरायची सवय लावली तरी वाया जाणारे फोटो डोळ्यांत भरण्याइतके कमी होतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका बँकेतल्या मित्राची गोष्ट सांगतो. त्याला ७०-३०० ही लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी होती, भिगवणचे रोहित पक्षी काढायला. मी त्याला हीच मोजणी करायला लावली. अडीचशेतले दीडशेहून जास्त फोटो घरातल्या आणि नातेवाइकांच्या कार्यक्रमांतले निघाले, सगळे ट्यूबलाइटच्या उजेडात, शटर १/१५ ते १/३० वर. भिगवणचे फोटो होते अकरा. वर्षातून एकदा जायचं त्यासाठी वीसेक हजार, आणि दर रविवारी जे फसतंय त्यासाठी काहीच नाही, असा तो हिशेब झाला असता. लांबची लेन्स वाईट नव्हे. ती त्याने तीन वर्षांनी घेतली आणि आता उजनीच्या काठी तो पहाटेपासून बसतो. पण तेव्हा त्याची गरज ती नव्हती.

आता तुमच्या बाबतीत. मोजणी तुम्ही करालच, पण लिहिलंय त्यावरून माझा अंदाज सांगतो आणि तो का, तेही. तुम्ही नमुन्याला दिलेल्या चार फोटोंपैकी घरातले तीन. तिन्हींत लेन्स ५० ते ५५ वर, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड एफ ५.६ (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता १६००, शटर १/२० च्या आसपास. मागची खिडकी स्वच्छ आणि मुलगी ओघळलेली. ही उजेडाची टंचाई आहे. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा मोठं उघडतच नाही. तिथे ५० एमएम एफ १.८ लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. १/२० चं शटर तेवढ्याच आयएसओवर १/२०० होतं. चार वर्षांचं मूल पाटावर बसून मोदक वळायचा खेळ करत असेल तर १/२०० पुरतं. पळत असेल तर आयएसओ आणखी चढवा, पण निदान खेळ हातात येतो.

मावसभावाचं म्हणणं म्हणूनच बरोबर आहे, फक्त एक गोष्ट त्याने सांगितली नाही. तुमच्या बॉडीचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे ५० ची लेन्स जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावरच्या ८० सारखी दिसते. तीन मीटरवर उभे राहिलात तर आडव्या फ्रेममध्ये साधारण १.३ मीटर रुंदीच मावते. ठाण्याच्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली, त्यात सोफा आणि टीव्ही. मागे सरकायला जागा कुठून आणणार? आई, मुलगी आणि मखर असं तिघांना एकत्र घ्यायला गेलात की पाठ भिंतीला लागेल. लेन्स घेतल्यावर हे कळलं की माणूस खट्टू होतो आणि ती कपाटात पडून राहते. मी असं अनेकदा पाहिलंय.

तर आधी हे करून बघा, पैसे लागत नाहीत. किट लेन्स ५० वर आणा, झूम रिंगवर कागदी टेप चिकटवा आणि आठवडाभर घरात तशीच वापरा. पुढच्या आठवड्यात २४ वर टेप लावा. फोटो पुसट येऊ देत. बघायचंय ते एवढंच, की कोणत्या आठवड्यात तुम्हाला जागा पुरली आणि कोणत्या आठवड्यातल्या चौकटी तुम्हाला आपल्या वाटल्या. चेहरा, हात, फुलं वेचणारी बोटं यात जीव रमला तर ५० घ्या. सगळं घर दिसल्याशिवाय फोटो अपुरा वाटत असेल तर अडचण आहे, कारण कॅननची छोटी चपटी २४ एमएम एफ २.८ खोलीला सोयीची असली तरी उजेडाच्या बाबतीत तेवढी उदार नाही. किट लेन्सही २४ च्या आसपास एफ ४ देतेच, म्हणजे तुम्हाला मिळणार दुप्पट उजेड, दहापट नव्हे. सोय आणि उजेड दोन्ही देणारी ३५ एमएम एफ १.८ निकॉनच्या लहान सेन्सरवाल्यांना परवडेल अशा किमतीत मिळत आली आहे, कॅननच्या डीएसएलआरवाल्यांना तो मार्ग बराच महाग पडतो. (निकॉनवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ५० एमएम ‘डी’ लेन्स स्वस्त दिसते म्हणून घेतलीत तर फोकस हाताने फिरवत बसाल. लेन्सवर एएफ-एस, म्हणजे मोटर लेन्समध्येच आहे, असं लिहिलेलं बघूनच घ्या.)

५० घेतलीत तर पहिले पंधरा दिवस एफ १.८ चा मोह आवरा. दोन मीटरवर एफ १.८ ला जेमतेम ११ सेंटिमीटर खोली धारदार मिळते, एक मीटरवर तीन सेंटिमीटरही नाही. एक डोळा फोकसमध्ये, दुसरा बाहेर. नवी लेन्स ‘आउट मारते’ म्हणून परत करायला निघालेल्या तिघांना तरी मी दुकानाच्या दारातून माघारी आणलंय. एफ २.८ वर ठेवा, किटपेक्षा चौपट उजेड तिथेही मिळतो आणि चुकायला जरा जागा राहते. मुलीला खिडकीच्या बाजूला बसवा, दिवसा ट्यूब बंद करा. तुम्ही खोलीबाहेर दाराच्या चौकटीत जमिनीवर बसा. दारातून आत बघितलं की ती दहा बाय बाराची खोली एकदम मोठी होते.

आरतीच्या वेळीही हीच लेन्स. समईचा पिवळा उजेड, कापराची ज्योत आणि तिच्या उजेडात उजळलेले चेहरे हे सगळं तसंच्या तसं हवं असेल तर त्या क्षणी फ्लॅश मारायचा नसतो. लग्नाच्या ऑर्डरींत मी रोज फ्लॅश वापरतो, पण घरच्या गणपतीला बॅगेतून काढत नाही.

फ्लॅशबद्दल तुमच्या दुकानदारावर अन्याय नको. पांढऱ्या, नऊ-दहा फुटांवरच्या छताच्या खोलीत फ्लॅश वर तोंड करून मारला, तर छतावरून परत येणारा उजेड इतका मऊ आणि भरपूर असतो की धावणारं मूलही जागच्या जागी थांबतं, आणि आयएसओ ४०० वर. तांत्रिकदृष्ट्या तुमच्या ‘पुसट’ दुखण्यावर हा लेन्सइतकाच जालीम उपाय आहे. तरी मी तो पहिला सांगत नाही. तो शिकायला दोन-तीन महिने जातात, रंगीत भिंती असतील तर चेहऱ्यावर हिरवी-गुलाबी झाक येते, आणि लहान मुलं फ्लॅश पाहिला की खेळ थांबवून तुमच्याकडे बघू लागतात. पुढच्या वर्षी घ्या. घेताना एक काळजी: कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क २ सारख्या काही बॉडींच्या हॉटशूमध्ये, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधला संपर्कबिंदूच ठेवलेला नाही, आणि फक्त त्याच बिंदूवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यांवर पेटत नाहीत. तुमचीही बॉडी दुकानात नेऊन, फ्लॅश लावून, चार वेळा पेटवून मगच पैसे द्या.

आता गडाकडे येऊ, म्हणजे ‘फिक्या’ फोटोंकडे. तुम्ही पाठवलेला चौथा फोटो ऑगस्टातला, राजगडाच्या वाटेवरचा. हिरवं गवत पांढुरकं दिसतंय, लांबचे डोंगर दुधात बुडाल्यासारखे. मित्र ट्रायपॉड म्हणतो, पण हा फोटो हललेला नाहीच! १/२५० ला काढलाय. ओल्या पानांवर, गवतावर, खडकांवर आभाळाचं पांढरं प्रतिबिंब पडतं आणि ते हिरव्या रंगावर सायीसारखं पसरतं. ती साय काढणारी वस्तू म्हणजे सर्क्युलर पोलरायझर, लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर. सह्याद्रीतल्या पावसाळ्यासाठी मला एकच फिल्टर नेऊ दिला तर मी तो नेईन. पुढची रिंग फिरवत व्ह्यूफाइंडरमधून बघत राहा; एका जागी पानं एकदम गर्द होतात, डबक्याचा तळ दिसायला लागतो. नंतर कॉम्प्युटरवर रंग वाढवून हे होत नाही, कारण प्रतिबिंबाखालचा रंग कॅमेऱ्यात आलेलाच नसतो.

त्यालाही मर्यादा आहेत. दीड ते दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) उजेड तो खातो, म्हणून सावलीत शटर हळू होतं. आभाळावर त्याचा जोर सूर्यापासून काटकोनात असलेल्या भागात सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे १८ वर रुंद निळं आभाळ घेतलंत तर मधोमध गडद पट्टा उमटतो. इंद्रधनुष्य असेल तर चुकीच्या कोनात ते पुसलंही जातं. लांबच्या धुक्यात मात्र तो फारसं काही करत नाही. धुकं हे पाण्याचे थेंब, त्यावर इलाज नाही आणि माझ्या मते करूही नये. तुमच्या किट लेन्सला ५८ मिलिमीटरचा फिल्टर लागतो. ५० एमएमच्या नव्या, ‘एसटीएम’ नावाच्या प्रकाराला ४९ चा. दोन घेऊ नका, ५८ चा घ्या आणि ४९ वरून ५८ ची स्टेप-अप रिंग, जी शे-दोनशे रुपयांत मिळते. फिल्टर खरा आहे का ते दुकानातच कळतं: त्याची पुढची बाजू एखाद्या लॅपटॉपच्या पडद्याकडे करून धरा आणि फिरवा. एका कोनात पडदा काळाकुट्ट झाला पाहिजे. नुसताच जरा मंद होत असेल तर ती राखाडी काच आहे.

दुकानदाराच्या तीन फिल्टरच्या संचातला यूव्ही, म्हणजे अतिनील किरण गाळणारा फिल्टर डिजिटल कॅमेऱ्याला रंगासाठी लागत नाही, सेन्सरच्या पुढे ती गाळणी आधीच बसवलेली असते. रात्री दिव्यांच्या माळा काढताना तर हा स्वस्त यूव्ही हिरवी भुतं उमटवतो, समोरच्या दिव्यांची उलटी प्रतिबिंबं. पण जेजुरीला सोमवती अमावस्येला जाणार असाल तर एक साधी काच लेन्सपुढे हवीच. भंडारा उधळला जातो तेव्हा हळदीची पूड कुठेही शिरते. तिथे लेन्स बदलायची नाही, आणि खाली उतरल्यावर आधी ब्लोअर, मग कापड. आधी कापड फिरवलंत तर ती पूड काचेवर घासली जाते.

ट्रायपॉडचं काय? मित्र चुकीचा नाही, त्याचे फोटो वेगळे आहेत. तो पहाटे अंधारात निघून राजगडाच्या सुवेळा माचीवर सूर्याची वाट बघत बसत असेल, धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल, मे-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे काढत असेल, तर ट्रायपॉडशिवाय गत्यंतर नाही. तुम्ही लिहिलंय की मुलगी लहान असल्याने सकाळी सातच्या आधी घरातून निघणं होत नाही. मग गडावर पोचता भर उजेडात. १८ वर, स्टॅबिलायझर चालू ठेवून, कोपरं छातीला टेकवून उभे राहिलात तर १/१५ लाही स्थिर फोटो येतो. तेवढा उजेड तुम्हाला दिवसभर असतो.

आणि दोन हजारांचा ट्रायपॉड कृपा करून घेऊ नका. माझा पहिला असाच होता. कासच्या पठारावर, मधला दांडा पूर्ण वर काढलेला, वारा सुटला आणि कॅमेऱ्यासकट तो खडकावर आडवा झाला. लेन्सची माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला अडकणारी कडी, वाकली, दुरुस्तीला ट्रायपॉडच्या तिप्पट पैसे गेले. मधला दांडा हा खरं तर ट्रायपॉडवर ठेवलेला एकपायी खांब, तो वर काढला की तीन पायांचा उपयोगच संपतो. दांडा खाली असतानाच तुमच्या हनुवटीपर्यंत येणारा, पट्टी निघणारं बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवणारं गोळ्यावरचं डोकं) असलेला, दीड किलोच्या आतबाहेरचा ॲल्युमिनियमचा घ्यायचा तर साधारण सहा-सात हजार बाजूला ठेवा. आज ते लेन्सच्या पैशांतून जातील, म्हणून आज नको.

तोवर एक घरगुती वस्तू सांगतो. जुन्या जीन्सच्या पायाची वीतभर पिशवी शिवा, आत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली किलोभर मोहरी. गडाच्या तटावर, जंग्यात, बुरुजाच्या कठड्यावर ही ठेवून वर कॅमेरा दाबून बसवा. सोबत दोन सेकंदांचा सेल्फ टायमर. तटबंदी सगळीकडे आहेच, तिच्यासारखा भक्कम ट्रायपॉड कुठला मिळणार? तांदळापेक्षा मोहरी बरी, दाणा बारीक असल्याने कॅमेऱ्याच्या अंगाशी नीट बसते. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते. अजिंठ्याच्या लेण्यांत तर फ्लॅशलाही बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तिथे तुमच्या हातात उरते ती मोठ्या तोंडाची लेन्स आणि स्थिर हात. ५० च्या बाजूने हा आणखी एक मुद्दा.

एका खर्चाचा उल्लेख तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांनीही केला नाही आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुम्ही ठाण्यात राहता. तुमची कॅमेऱ्याची बॅग कपाटात असते असं लिहिलंय. मुंबई, ठाणे, कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटातली बॅग म्हणजे बुरशीचं पाळणाघर. २००५ च्या पावसाळ्यात माझी ८०-२०० लेन्स मी तिच्या चामडी केसमध्ये घालून, लोखंडी कपाटात ‘जपून’ ठेवली होती. सप्टेंबरात काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. साफ करून घेतली, पण बुरशी काचेवरचा लेप खाते, तो डाग कायमचा राहिला. उजेडाकडे धरून काढलेला प्रत्येक फोटो त्यानंतर धुरकट यायचा. ती लेन्स घेण्यासाठी मी दोन लग्नसराया घालवल्या होत्या, अजून आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून बारा हजारांतले पहिले हजार-बाराशे इथे घाला. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा, चारी बाजूंनी कुलपासारखा बंद होणारा मोठा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि आतली दमटपणाची टक्केवारी दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहू द्या. ६५ च्या वर आठवडे काढले की बुरशीला आमंत्रण, आणि ३० च्या खाली फार काळ ठेवणंही रबराला, वंगणाला चांगलं नाही. सिलिका जेलचे केशरी दाणे घ्या; ओल शोषली की ते हिरवट होतात, मग बदला किंवा वाळवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा खाण्याच्या ओव्हनमध्ये कधीही तापवू नका, आणि दोन्ही प्रकार मुलीच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. चामडी किंवा कापडी केस डब्यात घालू नका, तीच ओल धरते. पावसातून आलात की कॅमेरा लगेच डब्यात बंद करायचा नाही. आधी पंख्याखाली तासभर उघडा ठेवा. यात एक रबरी ब्लोअर आणि दोन मायक्रोफायबर कापडं आलीच. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा, हवा आणि उजेड लागलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

दुसरी बॅटरी आणि दुसरं कार्ड तुमच्याकडे आहे का ते लिहिलेलं नाही. नसेल तर गणपतीच्या आधी घ्या, कारण आरतीच्या मध्येच बॅटरी संपली तर बाकी सगळं असून उपयोग नाही. कार्ड फार महागडं नको, तुमच्या बॉडीला साधं चांगल्या कंपनीचं ३२ किंवा ६४ जीबी पुरतं. मात्र बिलासकट, ओळखीच्या दुकानातून, कारण बनावट कार्डं बाजारात खूप आहेत आणि ती नेमकी अर्धी भरल्यावर दगा देतात.

बॅग, पट्टा, लेन्स पेन, दुकानदाराने दाखवलेला छोटा एलईडी लाइट यांवर मी आत्ता एक रुपयाही घालणार नाही. वारीत किंवा पावसाळी ट्रेकला कॅमेऱ्यावर घालायला साध्या प्लास्टिक पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावलं की काम भागतं. मी आषाढात पालख्यांबरोबर चाललोय तेव्हा कित्येक वर्षं तेच वापरलंय.

म्हणजे तुमच्यासाठी मी जो क्रम लावीन तो असा: या आठवड्यात डबा आणि ब्लोअर. मग टेपचे दोन आठवडे आणि मोजणी. मोजणीत माझा अंदाज खरा निघाला तर ५० एमएम एफ १.८ एसटीएम, नवी आठ-दहा हजारांच्या आसपास, जुनी बरीच कमी. जुनी घेतलीत तर वाचलेल्या पैशांत बॅटरी आणि पोलरायझर दोन्ही बसतील. नवीच घेतलीत तर पोलरायझर पुढच्या जूनपर्यंत थांबू शकतो. ट्रायपॉड त्यानंतर, एखादा ट्रेक मित्राचा उसना घेऊन गेल्यावर. वजन खांद्यावर दिवसभर वागवल्याशिवाय त्याबद्दलचं मत बनवू नका. गड आहेत तिथेच आहेत, सुवेळा माचीवर सूर्य पुढच्या वर्षीही उगवेल. मुलगी मात्र पुढच्या गणपतीला पाच वर्षांची असेल. मला क्रम लावायला सांगितलात म्हणून लेन्स आधी, याचं अर्धं कारण हेच आहे.

मोजणीत वेगळं निघालं, म्हणजे बहुतेक फोटो हात हलल्याने किंवा फोकस चुकल्याने गेलेले असले, तर मात्र लेन्स थांबवा. मग कोपरं छातीला टेकवून उभं राहायचा आणि मधल्या फोकस पॉइंटचा सराव महिनाभर करा, पैसे बँकेत राहू द्या.

जुनी लेन्स बघायला जाल तेव्हा आपली बॉडी, भरलेली बॅटरी आणि कार्ड घेऊन जा. ५० चे दोन प्रकार बाजारात फिरतात. जुनी ‘दोन नंबर’ प्लास्टिक माउंटची, आणि २०१५ मध्ये आलेली एसटीएम धातूच्या माउंटची. एसटीएम ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, जुनी ४५ वरच थांबते. एसटीएमच घ्या. मोबाईलचा टॉर्च मागून तिरका मारून आत बघा: चार धुळीचे कण चालतील, पण धाग्यासारखं काही दिसलं तर किंमत कितीही उतरवली तरी उठून या, नाहीतर ती बुरशी तुमच्या डब्यातल्या किट लेन्सलाही लागू शकते. मग एफ १.८ वर मालकाच्याच डोळ्यावर फोकस धरून दहा फोटो काढा, प्रत्येक वेळी आधी फोकस बिघडवून. दहातले सात-आठ डोळ्यावर धारदार आले तर पैसे द्या.